मेंदूत ‘सिस्ट’ निघाली म्हणजे ट्यूमरच का?

‘एमआरआयमध्ये पिनियल सिस्ट दिसली म्हणजे मेंदूचा ट्यूमरच, ऑपरेशनशिवाय इलाज नाही’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. ‘मेंदू’ आणि ‘सिस्ट’ हे शब्द शेजारी दिसले की कुणाच्याही पोटात गोळा येणारच.

पण ही सिस्ट म्हणजे पातळ भिंतीची, द्रवाने भरलेली पिशवी. पिनियल ग्रंथी मेंदूच्या मधोमध असते, तांदळाच्या दाण्याएवढी; झोपेची वेळ सांभाळणारं मेलाटोनिन तीच बनवते. शंभरातल्या एक-दोघांच्या एमआरआयमध्ये तिथे अशी पिशवी दिसते, तीही बहुधा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या एमआरआयमध्ये. बहुतेक सिस्ट १० मिमीच्या आतल्या असतात आणि वर्षानुवर्षं तशाच राहतात.

खात्री करायची तर रिपोर्ट उघडा. माप किती मिमी? भिंत पातळ, गुळगुळीत आहे का? ‘हायड्रोसेफॅलस नाही’, म्हणजे मेंदूतलं पाणी तुंबलेलं नाही, असं लिहिलंय का? हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण ते पाणी वाहून जाण्याची वाट ग्रंथीला लागूनच आहे आणि मोठी सिस्ट क्वचित ती दाबते. मग डोकेदुखी वाढत जाते, उलट्या होतात, नजर वर नेता येत नाही. तसं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. नसेल तर न्यूरॉलॉजिस्टना रिपोर्ट दाखवून पुन्हा एमआरआय लागेल का, ते विचारा.