संस्थाचालक मंडळ (खासगी शाळेचे)

खासगी शाळा चालवणाऱ्या नोंदणीकृत संस्थेचा कारभार पाहणारे, सभासदांतून निवडलेले बिनपगारी मंडळ. घटनेत त्याला नियामक म्हणा, कार्यकारी म्हणा, शिक्षकांच्या खोलीत शब्द एकच : ‘संस्था’. ‘संस्थेनं ठरवलंय’ म्हटले की पुढे कोणी बोलत नाही.

कोल्हापुरात लोकांनी मंडळ करून शिक्षणाची सोय चालवण्याची सवय वसतिगृहांनी लावली. राजर्षी शाहूंच्या प्रेरणेने १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले; पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम बोर्डिंगे, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. पुढे बापूजी साळुंखे यांच्या स्वामी विवेकानंद शिक्षण संस्थेचे (१९५४) जाळे जिल्ह्याबाहेर पसरले, तर लीला पाटील यांचे सृजन आनंद विद्यालय (१९८५) मुद्दाम लहान राहिले.

अशा बहुतेक संस्थांची नोंदणी दुहेरी असते : १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. विरोधी गटाने हरकत घेतली की तो रेंगाळतो, आणि सही नेमकी कोणाची चालणार हा प्रश्न बँकेपासून शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत फिरतो. जमीन विकायला किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाड्याने द्यायला पूर्वपरवानगी लागते. कंपाउंडला लागून गाळे काढणाऱ्या संस्थांना हे कलम तोंडपाठ असते.

शिक्षकांच्या बाबतीत मंडळाचे हात १९७७ चा सेवाशर्ती कायदा आणि १९८१ ची नियमावली यांनी बांधलेले आहेत. कायम शिक्षकाला काढायचे तर त्रिसदस्य चौकशी समिती हवी. तिच्यात एक प्रतिनिधी त्या शिक्षकाने निवडलेला. निकाल पटला नाही तर ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील. वर्गात काय चालते ते मुख्याध्यापकांचे क्षेत्र, असे सगळेच म्हणतात.

बैठक शाळा सुटल्यावर, मुख्याध्यापकांच्याच खोलीत. त्या दिवशी त्यांची खुर्ची अध्यक्षांना. ते स्वतः बाजूला, इतिवृत्ताची वही उघडून. मागील इतिवृत्त कायम करणे, जमाखर्चाला मंजुरी, पावसाआधी कौले परतणे हे विषय भडंगाची बशी संपेपर्यंत आटोपतात. मग ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. खरी सभा इथे सुरू होते. कोणाच्या भाच्याची नेमणूक, कोणत्या वर्गाचे वर्गशिक्षक बदलायचे, सगळे याच कलमाखाली. सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर.

न आलेल्या सभासदाची सही दुसऱ्या दिवशी शिपाई वही घेऊन घरून आणतो, असाही प्रकार घडतो. वाद धर्मादाय कार्यालयात गेला की समोरचा वकील पहिल्यांदा तेच पान मागतो.