शाब्दिक उदाहरणे

ज्या उदाहरणात राशींमधील संबंध चिन्हांत न मांडता वाक्यांतून सांगितलेला असतो आणि त्यावरून अज्ञात राशी काढायची असते, ते शाब्दिक उदाहरण. वय, काळ-काम-वेग, नफा-तोटा, व्याज, मिश्रण हे त्याचे नेहमीचे विषय. यातली आकडेमोड बहुधा सोपी असते. कस लागतो तो वाक्यातला संबंध नेमका ओळखताना.

प्रकार फार जुना आहे. इ. स. पू. १५५० च्या सुमारास आहमीस या लेखनिकाने नकललेल्या इजिप्तमधील ऱ्हाइंड पपायरसात विचारले आहे : एक राशी व तिचा सातवा भाग मिळून १९ होतात, तर ती राशी कोणती? रीत अशी की राशी ७ धरायची. मग बेरीज ८ येते, हवी १९. म्हणून ७ ला १९/८ ने गुणायचे, उत्तर १६ पूर्णांक ५/८. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) हीच रीत ‘इष्टकर्म’ या नावाने येते; इष्ट म्हणजे आपण सोयीने धरलेली संख्या. तेथील एका उदाहरणात कमळांच्या राशीचा १/३, १/५, १/६ आणि १/४ भाग देवतांना वाहून गुरूंसाठी ६ कमळे उरतात. राशी ६० धरली, तर वाहिलेली २० + १२ + १० + १५ = ५७, उरली ३. प्रत्यक्षात उरली दुप्पट, म्हणून राशी १२०. अंदाज चुकीचा असूनही उत्तर अचूक येते, कारण सगळे भाग राशीच्याच प्रमाणात वाढतात. ६० सोयीची, कारण ती चारही छेदांचा लसावि आहे. मला ही रीत आजही शिकवण्याजोगी वाटते.

प्रमाण मोडले की मात्र ती चालत नाही. आईचे वय मुलीच्या तिप्पट आहे आणि १२ वर्षांनी दुप्पट होईल, येथे १२ ही ठरावीक भर आहे. अशा वेळी समीकरण हवे. भारतीय बीजगणितात अज्ञाताला ‘अव्यक्त’ म्हणत आणि यावत्तावत्, काळक, नीलक यांच्या आद्याक्षरांनी (या, का, नी) ते लिहीत. शाळेत आपण क्ष मानतो. मुलीचे वय क्ष मानले, तर ३क्ष + १२ = २(क्ष + १२), म्हणून क्ष = १२ आणि आई ३६ वर्षांची. नेहमीची चूक म्हणजे १२ वर्षे आईच्याच वयात मिळवणे.

दुसरी चूक अधिक खोल आहे. ‘विद्यार्थी शिक्षकांच्या २० पट आहेत’ हे वाक्य अनेकजण २०व = श असे लिहितात, कारण व म्हणजे ‘विद्यार्थी’ असे ते वाचतात. व ही विद्यार्थ्यांची संख्या आहे आणि श ही शिक्षकांची; म्हणून व = २०श. ‘तिपटीने जास्त’ हा शब्दप्रयोग तर मुळातच संदिग्ध आहे : कोणी तिप्पट समजतो, कोणी चौपट. उदाहरण रचणाऱ्याने तो टाळावा.

ताळा समीकरणात नव्हे, मूळ वाक्यात करावा. समीकरणच चुकले असेल, तर त्यातला ताळा जुळूनही उपयोग नाही. जाताना ताशी ४० व त्याच वाटेने परतताना ताशी ६० किमी वेग असेल, तर सरासरी ५० हे उत्तर चटकन सुचते. अंतर १२० किमी धरून पाहावे : जायला ३ तास, परतायला २, एकूण २४० किमी ५ तासांत, म्हणजे सरासरी वेग ताशी ४८ किमी. येथे धरलेले १२० म्हणजे पुन्हा इष्टच. दुसरे कोणतेही अंतर धरले, तरी ४८ च येतात.