आर्क फ्लॅश : आपाती ऊर्जेचे गणन

वीजवितरण संचात उघड्या हवेतून किंवा पॅनेलच्या आत विद्युत् प्रज्योत (आर्क, म्हणजे वाहकांमधील हवेतून उसळणारा वीजप्रवाह) पेटली, तर तिच्यासमोर काम करणाऱ्याच्या छाती-चेहऱ्यापर्यंत किती उष्णता पोहोचेल याचा आगाऊ अंदाज बांधण्याची रीत. या उष्णतेलाच आपाती ऊर्जा म्हणतात. उत्तर कॅलरी प्रति चौ. सेंमी.मध्ये येते, त्यावरून संरक्षक पोशाख आणि सुरक्षित अंतर ठरवतात.

या गणनाचा आरंभ बहुधा राल्फ ली यांच्या १९८२ मधील निबंधापासून धरला जातो. तथापि त्वचा किती उष्णतेने भाजते याची मोजमापे त्याआधीची असून ती मुख्यतः अ‍ॅलिस स्टोल व सहकाऱ्यांच्या १९६०च्या दशकातील प्रयोगांतून आली. दुसऱ्या श्रेणीच्या भाजण्याची सीमा म्हणून रूढ झालेला १.२ कॅलरी हा आकडा साधारण १ सेकंदाच्या दाहाशी जुळतो. प्रज्योत ०.१ सेकंदातच विझली, तर याहून कमी ऊर्जेनेही तितकेच भाजू शकते, असा आक्षेप घेतला गेला आहे. आक्षेपात तथ्य दिसते. व्यवहारात मात्र १.२ हाच आकडा टिकून आहे.

ली यांच्या सूत्रात ऊर्जा ही व्होल्टता, शॉर्ट सर्किट प्रवाह व काळ यांच्या सम प्रमाणात आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ४१५ व्होल्ट, २० किलोअँपिअर व ६१० मिमी. अंतर धरल्यास ०.१ सेकंदात सुमारे १.१, तर ०.५ सेकंदात ५.७ कॅलरी येतात. हे सूत्र उघड्या हवेतील प्रज्योतीचे आहे. एका बाजूने उघडे असलेले पॅनेल उष्णता पुढे फेकते, म्हणून कमी विद्युत् दाबाच्या (व्होल्टतेच्या) पॅनेलसाठी ते अपुरे ठरते. उच्च दाबावर उलट फारच जास्त उत्तर देते. आयईईई या विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेच्या १५८४ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेच्या २००२ च्या आवृत्तीतील समीकरणे सुमारे ३०० चाचण्यांवर, तर २०१८ ची १,८०० हून अधिक चाचण्यांवर बेतलेली आहेत. नव्या आवृत्तीत वाहकांच्या पाच मांडण्या वेगळ्या धरल्या असून तिची व्याप्ती २०८ ते १५,००० व्होल्ट आहे.

सर्वांत जास्त चुका होतात त्या काळ, म्हणजे प्रज्योत विझेपर्यंतचा वेळ, धरण्यात. कमी दाबावर प्रज्योतीचा प्रवाह शॉर्ट सर्किट प्रवाहापेक्षा बराच कमी असतो. समजा, शॉर्ट सर्किट प्रवाह १८ किलोअँपिअर, प्रज्योतीचा ९ आणि ब्रेकरचे तात्काळ तुटण्याचे सेटिंग १० आहे. मग ०.०५ सेकंदात तुटायला हवा तो ब्रेकर विलंबित वक्रावर (मुद्दाम उशिरा तुटण्याच्या सेटिंगवर) जाऊन ०.५ सेकंद घेतो आणि ऊर्जा दसपट होते. म्हणून प्रज्योतीचा प्रवाह आणखी घटवून त्यानेही गणन करून दोन्हींतील मोठे उत्तर घेतात. काळ फार लांबला, तर माणूस मागे सरू शकत असेल अशा जागी तो २ सेकंदांपर्यंतच मोजण्याचा प्रघात आहे; अरुंद खंदकात किंवा शिडीवर तो लावू नये. रोहित्र किंवा रिलेचे (ब्रेकरला तुटण्याचा इशारा देणाऱ्या उपकरणाचे) सेटिंग बदलले, की पॅनेलच्या दारावरची ऊर्जेचा आकडा सांगणारी जुनी पट्टी निरुपयोगी होते, आणि ती बदलायची बहुतेकदा राहून जाते.

आयईईई १५८४ ची समीकरणे त्रिकला (थ्री-फेज) प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहासाठी आहेत. बॅटरी संच व सौर संच यांतील एकदिश (डीसी) प्रवाहासाठी निराळ्या पद्धती वापरतात.