बंदी २००६ची, धूळ त्याआधीची: जपानमधल्या अ‍ॅस्बेस्टॉसची पार्श्वभूमी

अ‍ॅस्बेस्टॉस या तंतुमय खनिजावरची बंदी जपानमध्ये हप्त्याहप्त्याने आली. १९७५ साली इमारतींच्या आत होणारी फवारणी थांबली, तीही ५ टक्क्यांहून जास्त अ‍ॅस्बेस्टॉस असलेल्या मिश्रणाची. १९९५ साली निळा आणि तपकिरी हे दोन प्रकार बंद झाले. पांढऱ्या क्रिसोटाइलचे पत्रे, फरशा, ब्रेक लायनिंग ऑक्टोबर २००४ पर्यंत बनतच होते. सप्टेंबर २००६ पासून ०.१ टक्क्याहून जास्त अ‍ॅस्बेस्टॉस असलेल्या मालाला मनाई झाली आणि उरलेल्या सवलती मार्च २०१२ मध्ये संपल्या. तोवर देशात सुमारे १ कोटी टन अ‍ॅस्बेस्टॉस आयात होऊन गेला होता, आणि त्यातला बराचसा इमारतींत जाऊन बसला होता.

शेवटच्या हप्त्याला घाई झाली ती आमागासाकीमुळे. ओसाकाजवळच्या या शहरातल्या कुबोता कंपनीच्या कारखान्यात १९५७ ते १९७५ या काळात निळा अ‍ॅस्बेस्टॉस घालून पाण्याचे सिमेंट पाइप बनत. जून २००५ मध्ये बातमी फुटली, की कारखान्यात कधी पाऊलही न टाकलेल्या आसपासच्या रहिवाशांना मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, झाला आहे. कामगारांना निदान कामगार विमा होता. शेजाऱ्यांसाठी कायद्यात रकानाच नव्हता. शिवाय अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू छातीत गेल्यापासून आजार दिसेपर्यंत २० ते ५० वर्षे जातात. त्यामुळे कितीतरी कामगारांच्या वारसांना मृत्यूचे कारण कळले तेव्हा दाव्याची पाच वर्षांची मुदत उलटलेली होती.

या दोन्ही गटांसाठी मार्च २००६ मध्ये वेगळा कायदा लागू झाला. रुग्णाला उपचारखर्च आणि महिना १,०३,८७० येन. पैसा सरकार, स्थानिक प्रशासन आणि उद्योगांकडून. त्यातही उद्योगांचा वाटा फक्त अ‍ॅस्बेस्टॉसवाल्यांकडून न घेता कामगार विम्याच्या हप्त्याबरोबर सरसकट सगळ्या मालकांकडून वसूल होतो, कारण अ‍ॅस्बेस्टॉस नसलेला कारखाना किंवा इमारत तेव्हा क्वचितच असेल. वसुलीची ही सोय हुशारीची आहे, रक्कम मात्र तोकडी. बुडालेल्या कमाईचा हिशेब त्यात नाही. कायदा स्वतःला ‘मदत’ म्हणवतो, ‘भरपाई’ नाही, आणि ते खरेच आहे.

भरपाईसाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. ओसाकाच्या सेन्नान भागातल्या, अ‍ॅस्बेस्टॉसचे सूत काढणाऱ्या छोट्या कारखान्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारला दोषी धरले: धूळ ओढून घेणारी यंत्रणा १९५८ पासून सक्तीची करता आली असती, ती १९७१ पर्यंत केली नाही. मे २०२१ चा निकाल बांधकाम मजुरांचा. त्यात महत्त्वाचे म्हणजे एकट्याने कामे घेणारे सुतार, वायरमनही आले. कागदोपत्री ते कोणाचेच ‘कामगार’ नव्हते, पण पत्रा करवतीने कापताना धूळ सगळ्यांच्याच नाकात जात होती. पाठोपाठ आलेल्या कायद्याने आजारानुसार ५५ लाख ते १ कोटी ३० लाख येन ठरवले. फवारणी सोडली तर हे फक्त बंदिस्त जागेत काम केलेल्यांना. उघड्या छपरावर पत्रे ठोकणारे बाहेरच राहिले.

एवढ्या जुन्या नोकरीचा पुरावा कुठून आणायचा? जपानमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस हाताळणाऱ्याच्या कामाची नोंद ४० वर्षे जपावी लागते आणि काम सोडलेल्या पात्र माणसाला आरोग्यपुस्तिका मिळते. ती दाखवून वर्षातून दोनदा मोफत तपासणी. (४० वर्षांचा आकडा आपल्याकडेही आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यापासून १५ वर्षे, यांतले जे नंतर येईल तोपर्यंत, ठेवायला सांगितले. पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस भारतात अजून आयात होतो.)

आता गाठ आहे पाडकामाशी. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर घाईने पाडलेल्या इमारतींच्या धुळीने पहिला धडा दिला आणि पुढच्याच वर्षी पाडकामाचे नियम कायद्यात आले. फवारलेला थर काढायचा तर खोली प्लॅस्टिकने बंद करतात, जमिनीवर दुहेरी. हेपा गाळणीचा (अगदी बारीक कण अडवणाऱ्या) पंखा आतली हवा तासाला किमान चार वेळा बदलतो, म्हणजे आत हवेचा दाब कमी राहतो आणि फट पडलीच तरी हवा आत येते, बाहेर जात नाही. थर ओला करून खरवडायचा, भुगा दुहेरी पिशवीत. बाहेर पडताना कपडे उतरवणे, अंग धुणे असे टप्पे. चूक बहुधा गाळणी नीट न बसल्याने होते, म्हणून पंख्याच्या तोंडाशी गळती मोजतात.

सिमेंटच्या पत्र्याला एवढा थाट लागत नाही. तो ओला करून, बोल्ट काढून अख्खा उतरवायचा. पण ठेकेदार वेळ वाचवायला जेसीबी घालतो, पत्र्याचा चुरा होतो आणि राडारोड्यात मिसळतो. मग तो वेगळा काढता येत नाही.

म्हणून सगळा भर आधीच्या तपासणीवर आला. बांधकाम १ सप्टेंबर २००६ किंवा त्यानंतर सुरू झाल्याचा कागद असेल तर सुटका. नसेल तर नकाशा पाहणे, प्रत्यक्ष पाहणी, नमुना प्रयोगशाळेत. किंवा अ‍ॅस्बेस्टॉस आहेच असे धरून पुढचे काम. एप्रिल २०२२ पासून ८० चौरस मीटर व त्यावरील पाडकामाचा तपासणी अहवाल सरकारला द्यावा लागतो. इमारतीची तपासणी प्रशिक्षित माणसानेच करायची, ही सक्ती मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये आली, बंदीनंतर सतरा वर्षांनी.