थर्ड पार्टी काढलाय म्हणजे खलाशी कव्हर झाले असं नसतं

बोट घेतली, तांडेल म्हणजे बोट चालवणारा ठेवला, दोन खलाशी ठेवले, आणि इन्शुरन्सचं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "आहे ना, थर्ड पार्टी काढलाय". हे इतक्यांदा ऐकलंय की आता नीट लिहूनच टाकतो. थर्ड पार्टी लायबिलिटी वेगळी आणि क्रू लायबिलिटी, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्या तुमच्याच माणसांची जबाबदारी, वेगळी, एक घेतली म्हणून दुसरी सोबत येत नाही.

थर्ड पार्टी काय ते गाडीमुळे सगळ्यांना माहिती असतं. तुमची बोट दुसऱ्याच्या बोटीवर आदळली, जेटी फुटली, पोहणाऱ्याला लागलं, तर त्यांची भरपाई. हल पॉलिसी म्हणजे तुमच्या स्वतःच्या बोटीचं नुकसान. यात फारसं कोणी चुकत नाही, पुढे जाऊ.

घोळ होतो तो "थर्ड" या शब्दात. पहिले तुम्ही, दुसरी कंपनी, आणि तिसरा म्हणजे बाहेरचा माणूस. तुमच्या हुकमावरून तुमच्याच डेकवर काम करणारा खलाशी बाहेरचा कसा होईल? म्हणून बहुतेक थर्ड पार्टी पॉलिसीत एक्स्क्लूजन असतं, की मालकाने कामावर ठेवलेल्या माणसाला काम करताना इजा झाली किंवा तो गेला तर ते यात धरलेलं नाही. ते पान कोणी वाचत नाही. समजा बोट बांधताना ताणलेला दोर तुटला आणि त्याच्या फटक्याने जेटीवर उभा असलेला एक माणूस आणि तुमचा एक खलाशी दोघेही जखमी झाले. दोर तोच, क्षण तोच, पण जेटीवरच्या माणसाचा क्लेम कंपनी बघेल आणि खलाशाचा सगळा खर्च तुमच्या खिशातून जाईल. हे एवढं डोक्यात बसलं तरी पुष्कळ झालं.

आणि कंपनी हे उगाच वगळत नाही, खलाशाचा दावा मुळातच वेगळ्या जातीचा असतो. जेटीवरच्या माणसाला साधारणपणे दाखवावं लागतं की चूक तुमची होती. खलाशाच्या बाबतीत बऱ्याच ठिकाणी चूक कोणाची हा प्रश्नच येत नाही, तो बोटीवर असताना आजारी पडला तरी उपचार, पगार आणि घरी पोचवणं मालकाकडे. मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन 2006, म्हणजे जहाजावरच्या कामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार, त्यात हेच आहे, ते 20 ऑगस्ट 2013 ला लागू झालं, आणि देशाच्या कायद्याने उपचारखर्चाला मुदत घातली तरी ती 16 आठवड्यांपेक्षा कमी ठेवता येत नाही. अमेरिकेत तर खलाशाला चूक नसतानाही उपचार आणि राहण्याखाण्याचा खर्च मिळतो, आणि मालकाचा निष्काळजीपणा असेल तर 1920 च्या जोन्स ॲक्टखाली वर दावाही लावता येतो. एवढी जोखीम कंपनी घेणार तर माणसं मोजून आणि त्याचे पैसे घेऊनच घेणार ना.

मग लोक म्हणतात, माझ्याकडे पगारी कोणी नाहीच, रोजावर येतात, किंवा मासळीत वाटा देतो, किंवा कॉन्ट्रॅक्टवर आहेत. कागदावर काय नाव दिलंय यावर हे ठरेलच असं नाही, काम कोणाच्या सांगण्यावरून चाललं होतं आणि बोट कोणाच्या ताब्यात होती हेही बघितलं जातं. फुकट मदतीला आलेला मित्र, बोट नुसती दुसऱ्या बंदरात नेऊन देणारा स्किपर, हे तर अगदी काठावरचे लोक, ते पाहुणे की क्रू हे तुमच्या पॉलिसीतली व्याख्या ठरवते, म्हणून ती व्याख्या आधी वाचा.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो अपघात विमा क्रू कव्हर म्हणून विकणाऱ्यांचा. अपघात विमा खलाशाला किंवा त्याच्या घरच्यांना ठरलेली रक्कम देतो, चांगली गोष्ट आहे, जरूर काढा. पण तुमच्यावर दावा लागला तर वकिलाचा खर्च आणि कोर्टाने लावलेली भरपाई त्यातून मिळत नाही, आणि ती रक्कम घेतल्यावरही दावा लागू शकतो. तसंच "फुल इन्शुरन्स" हा शब्द, या नावाखाली नक्की काय येतं ते पॉलिसीत कुठेच लिहिलेलं नसतं.

क्रू लायबिलिटी मिळते कुठे? छोट्या बोटीला बहुधा त्याच पॉलिसीत जोड घेता येते, मोठ्या जहाजांचं काम पी अँड आय (प्रोटेक्शन अँड इन्डेम्निटी) क्लबकडे असतं, म्हणजे एकमेकांची जबाबदारी वाटून घेणाऱ्या जहाजमालकांच्या विमा संस्थांकडे. हे क्लब मालकांनीच एकत्र येऊन काढले, पहिला 1855 मध्ये इंग्लंडात, कारण माणसांच्या इजेची आणि मृत्यूची जबाबदारी हल विमावाले पुरेशी उचलत नव्हते. म्हणजे हा फरक तेव्हापासूनचा आहे. मासेमारीच्या बोटी त्या 2006 च्या कन्व्हेन्शनमध्ये येत नाहीत, पण त्यावरून मालक सुटला असं कोणी समजू नये, त्यांच्यासाठी वेगळं कन्व्हेन्शन आहे, 2007 चं, आणि देशाचा कामगार कायदा असतोच.

माझं स्पष्ट मत, क्रूची जोड फोनवरच्या "हो हो, सगळं आहे" वर सोडू नका, लेखी घ्या आणि त्यात माणसांचा आकडा बघा. पॉलिसीत दोन खलाशी लिहिलेत आणि सीझनला तुम्ही चार नेता, तर वाढलेले दोघं बोटीवर चढायच्या आधी कंपनीला कळवा आणि बदललेला कागद हातात आल्यावरच बोट सोडा.