शहरातला बेडूक आधी कानानं शोधावा

२०१८ साली मंगळुरूमधून बेडकाची एक नवी जात जगासमोर आली. जेमतेम दोन सेंटीमीटरचा हा बेडूक घाटातल्या जंगलात नव्हे, तर शहराच्या औद्योगिक पट्ट्यात सापडला. मंगळुरूच्या कोंकणी नावावरून त्याचं नाव ठेवलं मायक्रोहायला कोडियाल. पुढे २०२० मध्ये बेंगळुरूच्या वेशीवर जमिनीत बीळ करून राहणाऱ्या बेडकाची नवी जात नोंदली गेली, तिच्याही नावात शहर आलं. कारखाने, वसाहती, मोकळे भूखंड यांच्या मधल्या जागेत हे बेडूक राहत होते. माणसं शेजारून रोज ये-जा करत होती.

मुंबईत वन्यजीव पाहायचे म्हटलं की सगळे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाकडे बोट दाखवतात. तिथे जरूर जावं. पण सुरुवात करावी ती आपल्या सोसायटीच्या आवारातून, पहिल्या पावसाच्या रात्री, आणि डोळ्यांआधी कानांनी, असं माझं ठाम मत आहे.

याला कारण आहे. बेडूक लपण्यात वाकबगार असतो, पण विणीच्या दिवसांत नराला गप्प राहून चालत नाही. प्रत्येक जातीच्या हाकेची पट्टी वेगळी, लय वेगळी. मादीचा अंतर्कर्ण आपल्याच जातीच्या हाकेला अधिक संवेदनशील असतो, त्यामुळे एकाच डबक्याभोवती चार-पाच जाती एकदम ओरडत असल्या तरी ती नेमक्या नरापर्यंत पोचते. दिसायला जवळपास सारखे असणारे बेडूक वेगळ्या जातींचे आहेत, हे अभ्यासकांनाही अनेकदा आवाजावरूनच उमगलं आहे. त्यासाठी महागडी उपकरणं लागत नाहीत. मोबाइलवर एक मिनिट ध्वनिमुद्रण केलं तरी पुरतं.

आपल्याकडे ‘डराव डराव’ एवढाच बेडकाचा आवाज मानला जातो. तो मुख्यतः बुलफ्रॉगचा, भारतातल्या सर्वांत मोठ्या बेडकांपैकी एकाचा. एरवी हा नर मळकट हिरवा असतो. जूनमध्ये दोन-तीन जोरदार सरी पडल्या की तो पिवळाधमक होतो आणि गळ्याच्या दोन बाजूंना निळ्या पिशव्या फुगवून ओरडू लागतो. हा रंग विणीपुरताच, नंतर पुन्हा मळकट. एकेकाळी या बेडकाच्या तंगड्या परदेशी जात. १९८७ मध्ये भारतानं ती निर्यात बंद केली. तरीही गोव्यात आणि कोकणात पावसाळ्यात त्याला खाण्यासाठी पकडतात. कायद्यानं हा गुन्हा आहेच, शिवाय शेतातले किडे फस्त करणारा प्राणी नेमका वीण घालण्याच्या वेळी मारला जातो.

बुलफ्रॉगचा आवाज बाजूला ठेवून ऐकलं की बाकीचे ऐकू येतात. गवतातून येणारी करकरीत ‘क्रर्र’ नखाएवढ्या चिमुकल्या बेडकाची असते. आवाजावरून तो दहापट मोठा वाटतो. भेकाची, म्हणजे टोडची, हाक लांबलचक, थरथरती. झाडावरचा बेडूक थांबून थांबून ‘टक-टक-टक’ करतो. हाच बाथरूमच्या खिडकीत येऊन बसतो आणि घरात गोंधळ उडतो. त्याच्या बोटांच्या टोकांना चकत्या असतात, त्यामुळे गुळगुळीत टाइलवरही तो चढतो. जोडी पाण्यावर वाकलेल्या फांदीवर किंवा टाकीच्या कडेला पांढऱ्या फेसाचं घरटं करते, अंडी त्या फेसात असतात. पिल्लं बाहेर पडून थेट खालच्या पाण्यात टपकतात. कुणीतरी साबणाचा फेस समजून ते धुऊन टाकतं, याचं फार वाईट वाटतं.

शहराच्या गोंगाटाचा या हाकांवर परिणाम होतो का? पनामात तुंगारा नावाच्या बेडकावर यासंबंधी सुरेख काम झालं आहे. शहरातले नर जंगलातल्या नरांपेक्षा जास्त वेळा आणि जास्त गुंतागुंतीची हाक देतात, आणि माद्यांनाही ती जास्त आवडते. जंगलात अशी हाक वटवाघळांना आयतं आमंत्रण ठरते. शहरात ती भीती कमी. मुंबईच्या बेडकांत असं काही घडतंय का, हे तपासण्याजोगं आहे.

पक्ष्यांबाबत कान बऱ्यापैकी तयार असतात. तांबट दुपारच्या उन्हात ‘टुक-टुक’ करतो तेव्हा त्याची चोच बंद असते, गळा फुगतो; डोकं इकडे-तिकडे वळवत असल्यानं आवाज नेमका कुठून येतोय ते कळत नाही. पावशाचं ‘पेरते व्हा’ सगळ्यांना ठाऊक असतं. पण पावसाळी रात्री नाल्याकडून येणारं ‘क्वाक-क्वाक’ बेडकाचं म्हणून सोडून देऊ नका. ती बहुधा लाजरी पाणकोंबडी असते.

सरपटणाऱ्यांत चुकचुकणारी पाल तेवढी बोलकी. बाकीच्यांसाठी टॉर्च हवा, आणि अंतरही. भिंतीवर चढून पाली खाणारा कवड्या साप बिनविषारी असतो, पण मण्यार समजून तो दरवर्षी मारला जातो. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पांढरे पट्टे बारीक, बहुधा जोडीनं, आणि शेपटीकडे अधिक स्पष्ट. हा फरक फोटो मोठा करून पाहायचा आहे, जवळ जाऊन नव्हे. घरात साप निघाला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. चावला तर कापाकापी नको, घट्ट बांधणं नको. थेट प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठावं. मण्यारीचा दंश दुखत नाही, म्हणून थांबून राहणं जिवावर बेतू शकतं.

आवारात एक डबकं, थोडं गवत आणि उघडी माती एवढं राहिलं तरी यातले बरेचजण टिकतात. संपूर्ण आवाराला पेव्हर ब्लॉक बसवले की आठ महिने मातीत पडून राहणाऱ्या बेडकाला आत जायला आणि बाहेर यायला वाट उरत नाही. बेडकाची त्वचा पाणी शोषते, पाण्यातलं रसायनही शोषते. म्हणून डासांसाठी सरसकट फवारणी करण्याआधी डबक्यात बेडकांची पिल्लं आहेत का ते पाहावं. ती असतील तिथे फवारणी टाळावी.

ऐकलेलं, पाहिलेलं आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर, किंवा पक्षी असेल तर ईबर्डवर जरूर नोंदवा. तारीख, वेळ, पाऊस किती वेळापूर्वी पडला तेही लिहा. मात्र मांडूळ किंवा घोरपड दिसली तर ठिकाण उघड करू नका आणि व्हॉट्सअॅप गटात तर मुळीच टाकू नका. मांडुळाला गुप्तधनाच्या खुळचट समजुतीपायी पकडून विकतात, घोरपडीला मांसासाठी मारतात. या दोघांची जागा फक्त वनविभागाला आणि खात्रीच्या अभ्यासकाला सांगावी.