मोडॅलिटी : होमिओपॅथीतील औषधनिवडीचा निकष

लक्षण कशाने वाढते आणि कशाने कमी होते, याला होमिओपॅथीत मोडॅलिटी म्हणतात. हालचाल, शेक, दाब, झोप, दमट हवा, दिवसाची वेळ असे अनेक घटक तीत येतात. एकाच तक्रारीवर अनेक औषधे सांगितलेली असल्याने त्यांतून एक निवडताना बहुधा हाच निकष लावतात.

सांधेदुखीचा एक रुग्ण सांगतो, "बसून उठलं की पहिली चार पावलं जड जातात, मग चालता चालता मोकळं वाटतं." पावसाळी हवेत त्याचे दुखणे बळावते. अशा वेळी ऱ्हस टॉक्स या औषधाचा विचार होतो. दुसऱ्याला जरासे हललेलेही सोसत नाही. दुखरी बाजू दाबून, तिच्यावरच निजून त्याला बरे वाटते. हे चित्र ब्रायोनिया या औषधाचे. आजाराचे नाव दोघांचे एकच असू शकते.

कायद्याचे शिक्षण घेतलेले होमिओपॅथ बोनिंगहाउझेन यांनी ही पद्धत नीट बांधली. पूर्ण लक्षणात जागा, संवेदना, मोडॅलिटी आणि सोबतची लक्षणे हवीत, असा त्यांचा आग्रह होता. त्यांची औषधसूची 1846 मध्ये निघाली. एका अवयवाची मोडॅलिटी ते संपूर्ण रुग्णाला लागू धरत. नंतरचे अमेरिकी होमिओपॅथ केंट यांना हे पटले नाही आणि त्यांचा आक्षेप रास्त वाटतो. "मला उकाडा सोसत नाही" ही संपूर्ण माणसाची खूण, तर "गुडघ्याला शेक बरा वाटतो" ही फक्त गुडघ्याची. केंट पहिलीला अधिक वजन देत. आर्सेनिकम आल्बम या औषधाच्या वर्णनात असा विरोध स्पष्ट दिसतो: अंगाला ऊब हवी, जळजळही शेकाने शमते, पण डोकेदुखीला गार हवा बरी वाटते.

अपेक्षेविरुद्धची मोडॅलिटी विशेष मोलाची मानतात. होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी आपल्या 'ऑर्गनॉन' या ग्रंथाच्या 153व्या सूत्रात वेगळ्या, विलक्षण लक्षणांवर भर दिला आहे. जळजळ असून शेक हवासा वाटणे हे तसेच लक्षण. थंडीने थंडी वाजते, यातून मात्र निवडीला काहीच मदत होत नाही. म्हणून "गार हवेने त्रास वाढतो का?" असे विचारून होकार घेण्यापेक्षा रुग्णाला मोकळेपणी बोलू देणे बरे.

आधुनिक वैद्यकातही दुखणे कशाने वाढते ते विचारतात, पण ते निदानासाठी. मोडॅलिटी जुळवून दिलेल्या औषधाने गुण येतो, याला भक्कम वैज्ञानिक आधार नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने 2015 मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून, होमिओपॅथी परिणामकारक ठरल्याचा विश्वासार्ह पुरावा कोणत्याही आजाराबाबत नाही, असा निष्कर्ष काढला.